बाबांची होडी, माझी काच

९ जानेवारी

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला. नव्या इमारतीच्या मधल्या दालनात माझं शिल्प उभं राहणार! ‘सगळ्यांना तुमचंच रेखाटन आवडलं,’ म्हणाल्या. फोन ठेवला, स्वयंपाकघरात स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि ओट्याच्या कोपऱ्यावर कोपर आपटून घेतलं. आनंद मला कधी धड साजरा करता येत नाही.

शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडल्यापासून मी केलं काय? मोडक्या खिडक्यांच्या लाकडाचे दिवे आणि फुटक्या बाटल्यांचे पक्षी. नातेवाईक कौतुकानं घेऊन जातात आणि माळ्यावर टाकतात. हे त्यातलं नव्हे. ही अख्खी होडी आहे. जुन्या फळ्या, आणि फळी-फळीच्या मधल्या सांध्यात टाकाऊ बाटल्या वितळवून केलेली काच. जिथून पाणी शिरू नये म्हणून होडीवाला जन्मभर झटतो, तिथूनच उजेड आत घ्यायचा.

एकच गोम आहे. होडी बाबांची आहे आणि त्यांना अजून विचारायचंय.

बाबांनी आयुष्यभर होड्या बांधल्या. दुसऱ्यांसाठी कितीतरी, स्वतःसाठी ही एकच. गुडघे गेल्यापासून ती घरामागे पालथी पडून आहे. तळ कुजलाय. तरी बाबा रोज सकाळी कप घेऊन तिच्याशेजारी बसतात. त्यांना नुसती परवानगी मागायची नाहीये मला. पुरी झाल्यावर त्यांनी ती बघावी आणि चांगलं म्हणावं, असं फार वाटतं. त्यांच्या तोंडून ‘चालेल’च्या वर कौतुक आजवर कोणी ऐकलेलं नाही. आईनंही नाही.

१० जानेवारी

विचारलं! सकाळपासून नमनाला घडाभर तेल जाळत होते. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे. शेवटी बाबाच म्हणाले, “ठमे, बोलून टाक. पोटात दुखायला लागेल.”

“होडी मला द्याल?”

“घे की.”

“सगळ्या फळ्या सुट्या कराव्या लागतील, बाबा. मग पुन्हा जोडणार.”

“सुट्या केल्याशिवाय काम नीट होतं का? घे.”

इतकं सरळ! मी ज्या भांडणाची तयारी करून गेले होते ते सगळं घशातच राहिलं आणि भलतंच रडू आलं. बाबांनी चहा संपवला, कप पालथा घातला आणि विचारलं, “आज चहा द्यायचा विचार आहे की नाही?” एरवी मी म्हटलं असतं, पुरे झाली थट्टा. आज मुकाट्यानं दुसरा कप आणून दिला. माणसानं आपली होडी देऊन टाकली, त्याला दोन कप चहा नको का?

नवरा म्हणाला, “इतक्या सहज हो म्हणाले?” या माणसाला गोड बातमीतही खडा शोधायची सवय आहे.

१७ जानेवारी

गल्लीच्या टोकाचं बंद पडलेलं गॅरेज मिळालंय. तिथे होडी नेली. नेली म्हणजे मी, नवरा आणि शेजारचे दोघे, असे चौघं मिळून ढकलत, थांबत, एकमेकांना सूचना करत. सूचना करणारे जास्त, उचलणारे कमी.

आज पहिली फळी सुटी केली. बाहेरून करडी, भेगाळलेली, जुन्या चपलेच्या तळव्यासारखी. कुजलेलं टोक कापायला करवत लावली आणि आतून तांबूस भुसा उडाला, ताजा, ओलसर वाटावा असा. आणि वास! माझ्या वयाहून जुनं लाकूड, मिठाच्या पाण्यात आणि उन्हात इतकी वर्षं काढलेलं, आणि आत अजून झाडाचा वास. मी करवत खाली ठेवली आणि नाक लावून बसून राहिले. नवरा म्हणाला, “खाणार आहेस का ते?”

तळ पूर्ण गेलाय. त्याच्या जागी पाडलेल्या घरांच्या दारांचं लाकूड घालीन. फासळ्या मात्र ठणठणीत. एकेक फासळी नैसर्गिक वाकाच्या फांदीतून काढलेली. अशी फांदी मिळेपर्यंत बाबा थांबायचे म्हणे. एका वाकासाठी रानभर हिंडणारा माणूस माझ्या घरात राहतो आणि मी त्याला गुडघ्याला तेल लावलं का एवढंच विचारत असते.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, “होडी कुठाय?”

“गॅरेजमध्ये.”

“बरं झालं. उघड्यावर काम होत नाही.”

२५ जानेवारी

काचेच्या भट्टीवाल्या बाईंकडे पहिला दिवस. भंगार बाजाराच्या मागे त्यांची शेड. दारात बाटल्यांचे ढीग रंगवार लावलेले. तोंडात कायम लवंग, आणि बोलणं त्याहून तिखट.

मी उत्साहानं खिडक्यांच्या फुटक्या तावदानांची गोणीही नेली होती. त्यांनी ती बाजूला सारली. “बाटलीची काच वेगळी, खिडकीची वेगळी. आणि एका कारखान्याची बाटली दुसऱ्या कारखान्याच्या बाटलीशी जुळेलच असं नाही. एकत्र घालू नकोस.”

“वितळल्यावर सगळी काच सारखीच की.”

“सासू-सुना आहेत त्या. भट्टीत गोडीगुलाबीनं राहतात. बाहेर आल्या की भांडतात.”

पण मला ती तावदानाची फिकट हिरवी झाक हवीच होती. मी हट्टानं एका साच्यात दोन्ही घातल्या. बाईंनी खांदे उडवले.

२९ जानेवारी

सुंदर आली होती ती पट्टी! हिरव्यात तपकिरी धूर पसरावा तशी. मी बाईंच्या नाकासमोर नाचवली, घरी आणली, खिडकीत ठेवली.

आज जेवताना ‘टिंग’ असा आवाज झाला. कोणी हातही लावला नव्हता. पट्टी मधोमध दुभंगली होती, बरोबर जिथे दोन काचा भेटत होत्या तिथे.

बाबा म्हणाले, “बाहेर कोणीतरी आलंय बघ.” मी म्हटलं, “सासूबाई निघून गेल्या.” बाबा खो-खो हसले, आणि मग ओळख नसल्यासारखं विचारलं, “कोणाच्या?”

५ फेब्रुवारी

आज भट्टी उघडताना मी हजर होते.

काच वितळते तेव्हा डोळे दिपतात, तो भाग मला माहीत होता. माहीत नव्हतं ते हे की खरं काम नंतरचं आहे. भट्टी विझवली की लगेच उघडायची नाही. काच आतल्या आत, स्वतःच्या वेगानं निवायची. घाई केली तर दिसायला धड, आतून ताणलेली राहते आणि कधीतरी फुटते. मी परवाच उघडूया म्हणून मागे लागले होते. ‘पी हळद हो गोरी असं इथे चालत नाही,’ बाईंनी सुनावलं होतं.

आज झाकण उचललं. राख, थोडी ऊब, आणि साच्यांत आडव्या पडलेल्या पट्ट्या. बाईंनी एक उचलून दाराच्या उजेडात धरली. औषधाच्या बाटल्यांचा निळा. लोकांनी खोकल्याचं औषध पिऊन फेकलेल्या बाटल्या होत्या त्या! आतमध्ये बारीक बुडबुडे वर येता येता थांबलेले. कोणी श्वास सोडला आणि तो तसाच राहिला. मी नाक जवळजवळ काचेला लावलं. बाई इतकी वर्षं हेच करतायत, पण त्यांनीही लवंग चघळायची थांबवली होती.

“दर वेळी असंच वाटतं का हो?” मी विचारलं.

“नाही वाटलं तर शेड बंद करीन.”

निघताना त्यांनी बजावलं, “बसवताना काचेच्या दोन्ही अंगांना नखभर जागा सोड. लाकूड हवेबरोबर फुगतं, आकसतं. काच ढिम्म. मध्ये मोकळीक नसली तर लाकूड काचेला चिरडतं.”

सासू-सुनेच्या अनुभवानंतर मी शहाणी झाले आहे. नखभर जागा ठेवणार.

१३ फेब्रुवारी

बाबा गॅरेजमध्ये आले! स्वतःहून. मी वळून बघते तर दारात उभे, डोक्यावर जुनी लोकरी टोपी, हातात स्वतःची हत्यारांची पेटी. वाटलं, आता बोलतील. माझ्या होडीचं काय केलंस म्हणतील.

पेटी खाली ठेवली. मी चुकीच्या फासळीला लावलेली फळी त्यांनी काढली, उलटी फिरवली, बसवली. बसली. मी सकाळपासून तिच्याशी झगडत होते. मग एका बाजूनं तळहात फिरवत निघाले, पुढच्या टोकापर्यंत. डोळे मिटलेले होते. जेवताना त्यांचा चमचा हल्ली थरथरतो, भाजी सांडते. या हाताला लाकडावर कंप म्हणून नव्हता. तोच हात! मी बघतच राहिले. लहानपणी मला हे रोज दिसायचं आणि मी तिकडे पाठ करून गोट्या खेळायची.

त्यांनी दुरुस्त केलेली फळी कुठली हे आता मलाही सांगता येणार नाही, इतकी ती मिळून गेलीय.

१५ फेब्रुवारी

आज बाबा मला दोनदा ‘आक्का’ म्हणाले. माझा आवाज आत्यासारखा होत चाललाय असं सगळेच म्हणतात. आत्या खेकसायची. सुधारायला हवं.

२१ फेब्रुवारी

बाबा रोज येतात. माझ्याआधी तयार असतात. दारात उभं राहून आधी आभाळाकडे बघायचं, बोट ओलं करून वारा बघायचा, मग निघायचं. गॅरेजमध्ये पंखासुद्धा धड नाही, वारा कसला बघतात? पण इतके खुशीत मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलेलं नाही.

नवऱ्याला आज त्यांनी दारात विचारलं, “आपण कोण?” लग्न ठरलं तेव्हा पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारून त्यांनी त्याचा घाम काढला होता. तेव्हापासून ही त्यांची ठरलेली गंमत. नवरा नेहमी म्हणतो, ‘मी तुमचा जावई, दुर्दैवानं.’ आजही म्हणाला. पण बाबा हसले नाहीत. “बसा,” म्हणाले. रात्री नवरा गप्प गप्प होता. एकच विनोद इतकी वर्षं चालवला की कोणालाही कंटाळा येणारच.

बाबांनी बसायची आडवी फळीही ठोकून दिली. माझ्या रेखाटनात नव्हती. राहू दे. छान दिसते.

“पाण्यात कधी घालायची?” त्यांनी विचारलं.

“मार्च संपता संपता,” मी म्हटलं. काय खेचतात माझी!

२८ फेब्रुवारी

लिहिल्यावाचून राहवत नाहीये.

काल सगळ्या काचा बसवून झाल्या होत्या. दोन्ही अंगांना नखभर जागा, वर रबराच्या बारीक चकत्या, सगळं बाईंनी सांगितल्याप्रमाणे. आज मी त्यांच्याकडे शिल्लक साचे परत द्यायला गेले होते. परत आले तर बाबा गुडघ्यावर बसलेले. त्या गुडघ्यांवर! हातात ठोकणी, शेजारी सुताचं बंडल आणि तापवलेली राळ. माझ्या चकत्या काढून टाकलेल्या, आणि प्रत्येक फटीत, काच आणि लाकूड यांच्या मधल्या प्रत्येक नखभर जागेत, सूत ठासून भरलेलं. एका अंगाचं पूर्ण, दुसऱ्याचं अर्धं.

“बाबा!”

“केवढ्या फटी ठेवल्यास अगं! शोभतं का आपल्या घराला?”

मला कळतंय की हे काढायला हवं. पण ती शिवण! सूत कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही, राळेची कड रेघ मारल्यासारखी सरळ. ज्यांची होडी मी मोडली त्यांनी माझ्या कामाला हात लावला, आपलं म्हणून लावला. मला ते काढवेना. थोड्या दिवसांनी, त्यांच्या नकळत, एकेक करून काढीन. हवा कोरडी आहे. काही बिघडत नाही.

६ मार्च

अवेळी धुकं. कपडे वाळत नाहीत. मीठ ओलं झालंय, दारं घासतायत.

८ मार्च

गॅरेज उघडायच्या आधीच ऐकू आलं. तोच आवाज. टिंग. थोडा वेळ शांत. पुन्हा.

बाबांनी ठासलेल्या अंगाच्या पाच पट्ट्या गेल्या. खोकल्याच्या औषधाचा निळा गेला. लाकूड फुगलं होतं आणि काचेला सरकायला जागा नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर सहावी गेली. एक पांढरी रेघ इकडून तिकडे सरसर पळाली.

मी बाबांवर ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहितच नाही. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणून गप्प बसायला हवं होतं, बसले नाही. बाबा टोपी हातात घेऊन उभे. “पाणी शिरलं असतं ना,” एवढंच म्हणत होते. “पाणी शिरलं असतं.”

“कुठलं पाणी? कसलं पाणी बाबा?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडी.

९ मार्च

नवरा म्हणाला, “तुला एक सांगू? रागावू नकोस. ते शिल्प करत नाहीयेत. ते होडी बांधतायत.”

मी म्हटलं, तुला माझ्या बाबांचा स्वभाव कधी कळलाच नाही. ते थट्टा करतात. जित्याची खोड आहे ती.

तो म्हणाला, “मला त्यांनी तीनदा विचारलंय आपण कोण म्हणून. एकाच दिवसात.”



१० मार्च

सकाळी बाबा उठायच्या आधी गॅरेजमध्ये गेले. ठासलेलं सूत उपसायला सुरुवात केली आणि मागच्या कोपऱ्यात, बसायच्या फळीखाली, एक पिशवी दिसली. आत दोराचं वेटोळं, विजेरी, बिस्किटांचा पुडा, पाण्याची बाटली. आणि दोन स्वेटर. एक त्यांचा, एक आईचा.

मी तळाच्या फळ्यांवर बसले. चहाचे दोन कप, आक्का, वारा, ‘पाण्यात कधी घालायची’, सगळं समोर येऊन उभं राहिलं. मी एकेकाला काही ना काही नाव देऊन परत पाठवलं होतं. त्या दिवशी त्यांनी ‘घे’ म्हटलं तेव्हा होडी मला दिलीच नव्हती. दुरुस्तीला दिली होती.

पुष्कळ रडले. फुटलेल्या काचांवर नाही.

१२ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी खूप प्रश्न विचारले. महिना, वार, घरात कोण कोण. बाबा निम्मी उत्तरं विनोद करून टाळत होते, आणि आता मला ते टाळणं दिसत होतं. मग डॉक्टरांनी कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी सुरेख वर्तुळ काढलं, एका दमात, बंद केलं. आणि आकड्यांऐवजी चार दिशा लिहिल्या. मधून काटा काढला, उत्तरेकडे.

डॉक्टरांनी काहीतरी नोंदवलं. मला त्या कागदावरून नजर काढता येईना. वेळ गेली होती, दिशा शाबूत होत्या.

औषधं दिली आहेत. ‘हळूहळू वाढतच जाईल, तयारी ठेवा,’ म्हणाले. आणि एक म्हणाले, उगाच प्रत्येक गोष्टीत त्यांना खोटं ठरवत बसू नका.

१३ मार्च

पण खरं सांगायचं तरी कधी? उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांना कळणार की ही होडी जमिनीला बोल्टनं आवळलेली आहे? त्यापेक्षा नेऊच नये? मग मी हे कोणासाठी केलं? ग्रंथपालबाईंना फोन लावला, काम होणार नाही म्हणून सांगायला, आणि त्यांनी उचलल्यावर रंग कुठला द्यायचा भिंतीला, यावर बोलून ठेवून दिला.

१९ मार्च

भट्टीवाल्या बाईंनी आपली सगळी कामं मागे टाकून माझ्या सहा पट्ट्या केल्या. मी बाबांचं सांगितलं. त्यांनी लवंग या गालातून त्या गालात नेली. “सूत काढलंस तर ते पुन्हा भरणार.”

“हो.”

“मग भरू दे. पण ठोकणीशिवाय. राळेशिवाय. नुसतं बोटानं, सैल. सूत दबतं, काचेला जागा मिळते. आणि त्यांना फट दिसणार नाही.”

हे मला सुचलं नव्हतं. त्यांनाही तेव्हाच सुचलं असावं, कारण त्या स्वतःवरच खूश होऊन हसल्या.

२२ मार्च

परवा बाबांना म्हटलं, “नवी पद्धत आली आहे. सूत ठोकायचं नाही. बोटानं ठेवायचं, पिसासारखं.”

“कोणी काढली ही पद्धत?”

“परदेशात करतात.”

“बुडत असतील तिकडे.”

पण केलं. दोघं मिळून केलं, मी डाव्या अंगानं, ते उजव्या. मध्येमध्ये ते हात थांबवायचे आणि माझ्याकडे बघायचे. ठमी की आक्का की आणखी कोणी, मी कोण होते माहीत नाही. मी विचारलं नाही. सूत कानात घालायच्या कापसाइतकं हलकं ठेवायला त्यांना अवघड जात होतं. जन्मभराच्या हाताला उलटं शिकवत होते मी. तरी ते शिकत होते! या वयात, या अवस्थेत, नाक मुरडत, पण शिकत. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं असतं तर म्हणाले असते, काय हरवलं खाली?

काल पुन्हा धुकं होतं. एकही पट्टी गेली नाही.

२६ मार्च

होडी दालनात पोचली, बोल्ट आवळले. सगळीकडे चादरी टाकलेल्या, म्हणून काच अजून उजेडात पाहिलेलीच नाही. बाबांना घरीच ठेवलं होतं. दिवसभर टोपी घालून दारात बसले होते म्हणे.

२९ मार्च

आज उद्घाटन झालं. आठवतंय तोवर सगळं लिहून काढते.

दालन गच्च भरलेलं. शेवटी बाबांना आणलं होतं, खरं काही न सांगताच. पूर्वेची अख्खी भिंत काचेची आहे, जमीन पांढऱ्या दगडाची. ग्रंथपालबाईंचं भाषण झालं, चादर ओढली. ऊन थेट होडीवर आलं.

मी हे चितारलं होतं, मोजलं होतं, महिनोन्‌महिने मनात पाहिलं होतं. तरीही मला हे माहीत नव्हतं. निळ्या, हिरव्या, तपकिरी लांब रेघा फळ्यांमधून निघून जमिनीवर पसरल्या, आणि काचेतले बुडबुडे त्या रेघांना थरथर देत होते. होडीच्या भोवती सगळीकडे. लोक मागे सरले. खरंच सरले, पाय भिजतील असं वाटल्यासारखे. भट्टीवाल्या बाई तोंडावर हात धरून उभ्या होत्या. मला रडू येत नव्हतं, नुसतं भरून येत होतं. इतका उजेड त्या टाकलेल्या बाटल्यांत होता आणि आपण त्यांतून खोकल्याचं औषध पीत होतो!

आणि बाबा माझ्या शेजारून निघाले. मध्ये लावलेला दोर त्यांनी वर उचलला, वाकून पलीकडे गेले. “अहो आजोबा, हात नका लावू,” ग्रंथपालबाई पुढे झाल्या. माझा नवरा बाईंच्या आडवा उभा राहिला.

बाबांनी होडीला एक फेरी घातली, तळहात फिरवत. माझं डावं अंगही तपासलं. आता म्हणतील, ‘चालेल’. किंवा नाही म्हणतील. त्यांनी काहीच म्हटलं नाही. दुखरा गुडघा हातानं उचलून एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि आडव्या फळीवर बसले. कडेवरून वाकून जमिनीवरच्या निळ्यात हात बुडवला.

“उथळ आहे अजून,” म्हणाले. “पुढे खोल होईल.”

मग मान वळवून मला शोधलं. सगळ्या गर्दीत मला.

“ठमे, ढकल की! बघत काय राहिलीस?”

सगळे माझ्याकडे बघत होते. आता सांगायचं होतं ते सांगायची ही शेवटची वेळ होती. बाबा, ही होडी नाही. बाबा, खाली बोल्ट आहेत, मीच आवळलेत. मी दोर ओलांडला. चपला काढल्या, का ते माहीत नाही. मागच्या टोकाला गेले, फळीला खांदा लावला, पाय रोवले आणि असेल नसेल तेवढा जोर लावून ढकललं.

होडी तसूभरही हलली नाही. कशी हलणार?

तेवढ्यात बाहेर उन्हावरून एक ढग सरकायला लागला. जमिनीवरचा सगळा निळा, हिरवा उजेड एकदम मागे वाहायला लागला. फळ्यांखालून, माझ्या पावलांवरून, मागच्या भिंतीकडे. लोकांतून एकच आवाज उठला. बाबा ताठ बसले, समोर बघत.

“सुटली,” म्हणाले.

मी ढकलत राहिले.